सात नंबरच्या चिपचा कागद

मयताचे नाव : विश्वनाथ महालिंगप्पा हालगे, वय अठ्ठेचाळीस, मूळ राहणार पाथरी तालुका, हल्ली मुक्काम परभणी. व्यवसाय : शेतीपंपांचे स्वयंचलित डबे तयार करणे व दुरुस्त करणे. मृत्यूचा दिवस : मार्गशीर्षातला दुसरा गुरुवार, सकाळी नऊच्या सुमारास, राहत्या घरी. वार्ता आणणारा : तहसीलसमोरचे चहावाले रहीमभाई. साक्षीदार : एक, मयताची पत्नी महानंदाबाई, दोन, सटवाजी लिंबाजी भालेराव, पंपचालक, पालम तालुका, सध्या कामावरून कमी केलेला, तीन, प्रस्तुत लेखक शेषराव नारायण धानोरकर, अर्जनवीस, बसण्याचे ठिकाण तहसीलच्या आवारातील लिंबाखाली, पश्चिमेकडील टेबल.

सत्तावीस वर्षे अर्ज लिहीत आल्यामुळे कोणतीही गोष्ट सांगताना आधी नाव, गाव आणि साक्षीदार मांडल्याशिवाय माझा हात पुढे सरकत नाही. माझे शिक्षण सातवीपर्यंतच झालेले आहे. परंतु या जिल्ह्यातील कित्येक साहेबांच्या टेबलावर माझी भाषा पोहोचलेली आहे, हे नम्रपणे नमूद करतो. त्या गुरुवारी मी एका वारसनोंदीच्या अर्जाची तिसरी ओळ टाइप करीत होतो. रहीमभाई कपबशी न घेताच माझ्यासमोर येऊन उभे राहिले, तेव्हाच मी हात थांबवला. ते म्हणाले, "नवीससाब, अप्पा गुजर गये." मी त्यांना विचारले, "कोणते अप्पा?" वास्तविक परभणीत मी अप्पा म्हणून हाक मारावी असा माणूस एकच होता, विश्वनाथ हालगे... तरीही मी विचारले. त्याच संध्याकाळी, त्यांच्या लिंगायत समाजाच्या रीतीप्रमाणे, गळ्यातील लिंग हाती देऊन, बसवून त्यांना समाधी देण्यात आली. मातीत बसलेला माणूस पाहण्याची माझी ती पहिलीच वेळ. ते काहीतरी वाचत बसले आहेत आणि आता मान वर करून मला काही विचारतील, असे मला सारखे वाटत होते.

अप्पांची आणि माझी ओळख एका वीजमीटरच्या अर्जावरून झाली. पुण्याकडच्या कारखान्यातील नोकरी सोडून ते परत आले होते आणि राहत्या घरातल्या पुढच्या खोलीत त्यांना वर्कशॉप सुरू करायचे होते. मी अर्ज टाइप करीत असताना समोर बसलेले लोक सहसा रस्त्याकडे पाहतात. हा गृहस्थ माझ्या टाइपरायटरखाली वाकून पाहत होता. कार्बन कुठे लागतो, तिसऱ्या नकलेवर अक्षर फिके का उठते, चुकलेला शब्द वरच्या कागदावर खोडला तर खालच्या नकलांत तो तसाच राहतो का, असे प्रश्न त्यांनी मला विचारले. शेवटच्या प्रश्नावर मी जरा थबकलो, कारण तो तसाच राहतो, आणि ही गोष्ट आम्ही अर्जदारांना सांगत नाही. अप्पा हसून म्हणाले, "मग साहेबाच्या हातात एक अर्ज अन् तुमच्या कपाटात दुसराच. भांडण लागलं तर खरा कुठला धरायचा?" मी म्हणालो, "साहेबाच्या हातातला." ते म्हणाले, "बरोबर. जो चालतोय तो खरा." त्या वेळी हे बोलणे मी विनोदात घेतले.

पुढे तीन-चार वर्षांनी त्यांनी औरंगाबादहून एक जुना कॉम्प्युटर आणला. कचेरी सुटल्यावर मी सायकल लावून त्यांच्याकडे तासभर बसू लागलो. सुरुवातीला मला त्यातले काही समजत नसे आणि समजत नाही हे मी कबूलही करीत नसे. परंतु अप्पांकडे एक गोष्ट होती की त्यांच्यासमोर अज्ञानाची लाज वाटत नसे, कारण ते स्वतःच दिवसभर कशाचे ना कशाचे आश्चर्य करीत असत. पंपाच्या डब्यात बसणारी चिप त्यांनी प्रथम माझ्या तळहातावर ठेवली, तेव्हा ती मला पाय वर करून पडलेल्या गोमीसारखी वाटली. तिच्या पाठीवर काचेची एक बारीक खिडकी होती आणि खिडकीवर काळी चिकटपट्टी लावलेली होती. "पट्टी काढून उन्हात ठेवली तर हळूहळू सगळं विसरून जाते," ते म्हणाले. उन्हाने विसरणारी वस्तू मी आयुष्यात प्रथमच पाहत होतो. मी ती लगेच सावलीत धरली, त्यावर अप्पा इतके हसले की आतून महानंदावहिनी काय झाले ते पाहायला आल्या.

त्यांचे काम असे होते. लिहायचे ते त्या मोठ्या कॉम्प्युटरवर, पण चालायचे पालमकडच्या किंवा जिंतूरकडच्या एखाद्या विहिरीवरच्या डब्यात, त्या गोमीच्या पोटात. दोन्ही यंत्रांची भाषा निराळी. म्हणून एका यंत्रावर बसून दुसऱ्या यंत्रासाठी हुकूम तयार करणारा एक प्रोग्राम त्यांनी मिळवला होता. त्याला ते क्रॉस कंपायलर म्हणत. मला यात विशेष नवल वाटले नाही. माझ्यासमोर बसलेला माणूस त्याच्या बोलीत रडतो, मी ते कचेरीच्या भाषेत उतरवतो, आणि ते वाचले जाते तिसऱ्याच ठिकाणी. हे मी अप्पांना सांगितले तेव्हा त्यांनी खुर्ची माझ्याकडे वळवली आणि म्हणाले, "आता पुढचं ऐका शेषराव. यात एक गंमत हाय."

गंमत अशी की लिहिताना ते प्रत्येक कामाला नाव देत. इंग्रजी अक्षरांत, पण मराठी नावे. पाणी आहे का पाहणे, याचे नाव 'पाणीपहा'. वीज गेली आणि परत आली, तेव्हा काय करायचे, त्याचे नाव 'वीजआली'. डबा बाजूला करून, म्हणजे त्याला न विचारता, माणसाने हिरव्या बटणाने मोटर चालवायची, त्याचे नाव 'हातचालू'. परंतु चिपमध्ये जागा फार थोडी, म्हणून तिच्यात उतरवताना ही सगळी नावे काढून टाकली जात. आत उरत ते फक्त घरांचे क्रमांक. मला हे मुळीच पटले नाही. मी विचारले, "नाव नसताना त्याला कळतं कसं, कुठं जायचं?" "नंबरावरून." "मग नावं पाहिजेत कशाला?" "चूक शोधणाऱ्याला पाहिजेत. मशीनला नकोत." आणि म्हणून ते ती नावे वेगळी छापून ठेवीत, कोणते नाव कोणत्या क्रमांकापासून कोणत्या क्रमांकापर्यंत आणि त्या घरांत काय भरलेले, याची लांबलचक यादी. डबा कुठे अडकलाच, तर आपण कोणत्या घरात अडकलो तो क्रमांक तो चार लाल अक्षरांत, काही आकडी काही इंग्रजी, समोर दाखवी. तेवढी चार अक्षरे कोणी चिठ्ठीवर लिहून आणली, की अप्पा यादीवर बोट फिरवीत आणि परभणीत बसून सांगत की चाळीस मैलांवरच्या डब्याला काय झाले आहे. मी हे स्वतःच्या डोळ्यांनी सहा-सात वेळा पाहिले आहे. प्रत्येक वेळी चिठ्ठी आणणारा माणूस अप्पांच्या तोंडाकडे पाही आणि मी यादीकडे.

आता मी माझ्याकडे येतो. अप्पांच्या याद्या टेबलावर, खुर्चीवर, वहिनींच्या शिवणयंत्रावर अशा पसरलेल्या असत. ते त्यांना क्रमांक देत, एक, दोन, तीन. तोच क्रमांक चिपच्या काळ्या पट्टीवर पांढऱ्या शाईने लिहीत. पण कागद लावण्याची शिस्त त्यांच्यात नव्हती. दप्तर कसे ठेवावे हे मला निजामाच्या वेळच्या एका कारकुनाने शिकवले आहे. एका दसऱ्याच्या आधी मी दोन सुट्ट्या खर्ची घालून त्या सगळ्या याद्या गाववार लावल्या. प्रत्येक गावाचा एक बस्ता, लाल कापडाचा, वर गावाचे नाव माझ्या अक्षरात. एका गावाच्या दोन याद्या निघाल्या, तर मी नवी वर ठेवली आणि जुनी बाजूला काढली. आमच्या व्यवसायात शेवटचा मसुदा तोच खरा. आधीचे मसुदे जवळ ठेवले तर उद्या कोणीतरी भलताच कागद साहेबांपुढे नेतो. बाजूला काढलेल्या कागदांची पाठ कोरी होती. ते मी कच्चे मसुदे लिहिण्यासाठी माझ्या पेटीत नेले. अप्पांनी बस्ते पाहिले आणि मनापासून म्हणाले, "नवीससाब, तुमी तर माझ्या घरात कलेक्टर कचेरी केलाव." मला त्याचा अभिमान वाटला. तो पुढे पुष्कळ दिवस टिकला.

पालम तालुक्यातील ज्या गावाविषयी मला लिहायचे आहे, त्याचे नाव अर्जात दिलेले असल्याने येथे देत नाही. तेथे पाणी उपशाची एक सहकारी संस्था आहे. तिच्या पंपघरावर अप्पांचा डबा बसवलेला होता आणि पंपघराची किल्ली सटवाजीकडे होती. सटवाजी बौद्धवाड्यातला. त्याच्या घराण्यात गावच्या मालमत्तेची किल्ली कंबरेला लावणारा तो पहिलाच माणूस. डबा बसवायला गेलो तेव्हा मीही अप्पांबरोबर गेलो होतो. सटवाजी ओल्या फडक्याने आधी स्वतःचे हात पुसत होता, मग कोरड्या फडक्याने डबा. अप्पा चिप बसवताना तो इतका वाकून पाहत होता की अप्पा म्हणाले, "सटवाजी, नाक घालाल बरं का आत." तो म्हणाला, "घालतो की. उद्या तुमी न्हाईत, मलाच बगायचंय हिला." पाण्याची पाळी चुकली म्हणून त्याच्याविरुद्ध संस्थेत एकही तक्रार नव्हती, हे मी दप्तर पाहून सांगतो.

नंतर संस्थेला हवे झाले की मोटर किती तास चालली तेही डब्याने दाखवावे. अप्पांनी नवी चिप तयार केली, आठ नंबरची. तिची यादी छापली. आमच्या शिस्तीप्रमाणे ती मी त्या गावाच्या बस्त्यात वर ठेवली आणि सात नंबरची यादी माझ्या पेटीत गेली. दुसऱ्या दिवशी अप्पा नवी चिप बसवायला जाणार होते. परंतु विद्यापीठाच्या नामांतरावरून पुन्हा बंद पुकारला गेला, एसटी तीन दिवस डेपोतून बाहेर पडली नाही. रहीमभाईंच्या बाकावर त्या दिवसांत दुसरा विषय नव्हता. एक मास्तर तावातावाने म्हणाले, "अहो, नावानं काय फरक पडतो? शिकायचं त्याला शिकता येतं." अप्पा चहा फुंकत म्हणाले, "फरक पडत नसता मास्तर, तर तुमचा चहा एवढा थंड झाला नसता." लोक हसले; मास्तरांनीही शेवटी तो थंड चहा पिऊन टाकला. चौथ्या दिवशी गाड्या सुरू झाल्या आणि अप्पांना कावीळ झाल्याचे निघाले. आठ नंबरची चिप टेबलाच्या खणात राहिली. गावच्या डब्यात सातच चालत होती. हे अप्पांना ठाऊक होते, आणि विचारले असते तर मलाही आठवले असते... परंतु आम्हा दोघांनाही कोणी विचारले नाही.

साधारण महिन्याने संस्थेचे सचिव माणिकराव परभणीला आले. मोटर कोरडी चालून जळाली होती आणि ऐन भरात आलेला गहू तहानेला पडला होता. त्यांच्या खिशात चिठ्ठी होती, डब्यावरच्या चार लाल अक्षरांची. अप्पा खाटेवर होते, डोळे हळदीसारखे पिवळे. ते म्हणाले, "शेषराव, त्या गावाचा कागद काढा." मी बस्ता सोडला आणि वरचा कागद त्यांच्या हातात दिला. त्यांनी यादीवर बोट फिरवले, थांबवले, आणि पुन्हा एकदा फिरवले. "हातचालू," ते म्हणाले. म्हणजे डबा बाजूला केलेला, आणि मोटर हिरव्या बटणावर चालू. म्हणजे बटण दाबणारा माणूस हवा. आणि किल्ली एकाच माणसाकडे. माणिकराव म्हणाले, "मला वाटलंच. बटन दाबून झोपला असंल घरी जाऊन." इतके मात्र मला आठवते की अप्पांनी विचारले, "सटवाजी असं करंल व्हय?" आणि तोवर मी बस्ता पुन्हा बांधायला घेतला होता. त्या वर्षांत कोणाविषयी काय चटकन खरे मानले जाई, हे या जिल्ह्यातील वाचकांना मी सांगावे असे नाही.

सटवाजीविरुद्धची तक्रार मीच लिहिली. माणिकराव माझे जुने अशील आहेत. "हेतुपुरस्सर निष्काळजीपणा" हा शब्दप्रयोग माझा आहे, आणि तो टाइप करताना मला तो आवडला होता, हेही येथे लपवीत नाही. पंधरा दिवसांत त्याच्याकडून किल्ली काढून घेण्यात आली.

त्यानंतर एका सोमवारी तो माझ्या टेबलासमोर येऊन उभा राहिला. बसा म्हटले तरी बसला नाही. म्हणाला, "साहेब, माझा जबाब लिवा. मी बटनाला हात लावला न्हाई. लाईट गेली व्हती, मी भाकर खायाला घरी आलो. लाईट आली आन् डबा आपल्या आपण चालू झाला." मी त्याला समजावले की डब्याने स्वतःच दिलेला क्रमांक आहे, यादीत नाव आहे, यंत्र काही कोणाची जात पाहून बोलत नाही. शेवटचे वाक्य मी कशासाठी बोललो, हे मला अजून उमजलेले नाही. तो म्हणाला, "यंत्र खोटं बोलंना, मान्य. पर तुमचा कागद त्याच यंत्राचा हाय का?"

"गावाच्या बस्त्यातला आहे," मी म्हणालो.

"गावाचा असंल, साहेब. रोज डबा उघडून धूळ पुसायचो मी. गोमीच्या पाठीवर पांढरा सात हाय. तुमच्या कागदावर किती हाय?"

मी टाइपरायटरवर झाकण घातले, त्याला सायकलवर मागे बसवले आणि अप्पांच्या घरी गेलो. जाताना तो म्हणाला, "साहेब, हळू चालवा, पडलो तर माझ्यावरच नाव यील." मी हसलो नाही. बस्ता सोडून मी कागदाचा माथा पाहिला. आठ.

अप्पा उशीला टेकून बसले होते. त्यांनी टेबलाचा खण उघडायला सांगितला, काळ्या स्पंजात खोचलेली आठ नंबरची चिप हातात घेतली आणि तिच्याकडे पाहतच राहिले. नव्या चिपमध्ये तासांचा हिशोब आला, त्यामुळे पुढची सगळी घरे सरकली होती. तोच क्रमांक आठच्या यादीत एका नावाखाली येत होता. सातच्या यादीत तो कोणाखाली येईल हे जुना कागद पाहिल्याशिवाय सांगता येणार नव्हते. सातचे मूळ लिखाणच अप्पांनी बदलून आठचे केले होते, त्यामुळे सात पुन्हा तशीच तयार करणे शक्य नव्हते. "जुना कागद कुठाय, शेषराव?" त्यांनी विचारले. आवाज अगदी साधा होता. मला सांगावे लागले की तो रद्द मसुदा समजून मी नेला, आणि तसल्या कागदांच्या पाठीवर मी लोकांचे अर्ज लिहीत आहे.

ते रागावले नाहीत. त्यांच्या पिवळ्या डोळ्यांत मला जे दिसले त्याला मी कुतूहल म्हणेन. "म्हणजे तुमच्यात जुनं ते रद्द," ते म्हणाले. "माझ्यात जुनं ते रद्द नाही, जोवर ते कुठंतरी चालतंय. हे मी तुम्हाला कधी सांगितलंच नाही का?" सांगितले होते, पहिल्याच भेटीत, कार्बनच्या वेळी. पण त्याची आठवण मी त्यांना त्या क्षणी करून दिली नाही.

मी आणि सटवाजीने माझी पेटी तहसीलच्या ओट्यावर उपडी केली. वापरलेले मसुदे मी फाडत नाही, एवढीच माझी पुण्याई. वाटणीचे अर्ज, रेशनकार्डाचे अर्ज, पाणंद मोकळी करण्याचे अर्ज. प्रत्येक कागद उलटून पाहायचा. सटवाजीला इंग्रजी अक्षरे वाचता येत नव्हती, पण सातचा आकडा कसा दिसतो ते त्याला पक्के माहीत होते. तासाभराने त्यानेच तो कागद धरला. पाठीवर एका वस्तीवर एसटीचा थांबा मिळावा अशी विनंती होती, माझ्या हातची, दोन ठिकाणी खोडलेली. "हे मंजूर झालं का, साहेब?" त्याने विचारले. मी म्हणालो, नाही. "मग बरं झालं. मंजूर झालं असतं तर कागद तिकडंच गेला असता." वास्तविक मंजूर अर्जाचाही कच्चा मसुदा माझ्याकडेच राहतो, परंतु त्याला दुरुस्त करण्याची इच्छा मला झाली नाही.

तो कागद हाती आल्यावरही अप्पांनी निकाल दिला नाही. माझ्या मते काम झाले होते. त्यांच्या मते कागदावर सात आहे, पट्टीवर सात आहे, एवढ्याने भागत नाही; पट्टी बदललेली असू शकते. अंगात ताकद नसताना ते दुसऱ्याच आठवड्यात एसटीने पालमला आणि तिथून जीपने गावाला गेले, मी बरोबर होतो. डबा उघडून चिप काढली, तिच्या जागी आठ नंबरची बसवली, काढलेली परभणीला आणली, तिच्या पोटात जे आहे ते मशीनवर वाचून कागदावर छापले, आणि माझ्या हातात सातची यादी देऊन म्हणाले, "तुम्ही वाचा, मी बघतो." दोन दिवस आम्ही ओळीमागून ओळ ताडून पाहिली. मला अर्थ कळत नव्हता. पण ओळी जुळत गेल्या तसा मला विलक्षण आनंद होत गेला... न कळणारी दोन पाने एकमेकांशी इतकी प्रामाणिक असू शकतात, हे मी पाहत होतो. दुसऱ्या दिवशी दुपारी अप्पांनी त्या चार अक्षरांवर बोट ठेवले आणि यादीतले नाव मला वाचायला लावले. वीजआली.

म्हणजे वीज परत आल्यावर डब्यानेच मोटर सुरू केली होती, आणि मग विहिरीत पाणी आहे हे सांगणाऱ्या खुणेची वाट पाहत तो तिथेच थांबून राहिला होता. ती खूण देणारी तार गाळात रुतली होती, त्यामुळे खूण कधी आलीच नाही. "अडकला की आकडे दाखव, हे मी त्याला शिकवलं," अप्पा म्हणाले. "आधी मोटर बंद कर, हे शिकवलं नाही." आणि वहिनींनी समोर ठेवलेले ताकाचे भांडे त्यांनी तसेच बाजूला सारले.

त्यांनी संस्थेच्या बैठकीत जाऊन हे सर्व उभे राहून सांगितले. माणिकराव म्हणाले, "अप्पा, तुमी देवमाणूस. पर त्याला वाचवायला सोतावर कामून घ्यायलाव?" दुसरा एक सभासद म्हणाला, आधी कागद हातचालू म्हणत होता, आता वीजआली म्हणतो, परवा आणखी काही म्हणेल. नव्या चालकाची नेमणूकही तोवर झालेली होती. सटवाजी दाराबाहेर उभा होता, त्याला आत बोलावण्यात आले नाही. परत येताना जीपमध्ये अप्पा एवढेच म्हणाले, "त्यांनी आधी एक नाव ऐकलं, मग ते बदललेलं ऐकलं. कागद कुठल्या चिपचा हे कोणी विचारलंच नाही. विचारलं ते सटवाजीनं."

मग सटवाजीवरचा दोष काढावा म्हणून आम्ही दुसरा अर्ज लिहिला. माझ्या आयुष्यातील सर्वांत काळजीपूर्वक लिहिलेला अर्ज तो आहे. त्यात मी लिहिले होते की याद्या गाववार लावून जुनी यादी काढून टाकण्याची चूक अर्जनवीस शेषराव धानोरकर यांची. अप्पांनी वाचून त्या ओळीवर रेघ मारली. "तुमचं टेबल जाईल, शेषराव. अर्ज हरवणाऱ्याकडं कोण येईल?" मी वाद घातला. पुरेसा घातला नाही. अर्ज फक्त त्यांच्या नावाने, 'चूक माझी' असे लिहून गेला. त्यानंतर दोन स्मरणपत्रे गेली. उत्तर आले नाही. कावीळ बरी झाली म्हणतो तोवर यकृतच गेले, आणि पुढचे वर सांगितलेच आहे.

परवा मी वर्कशॉपमध्ये गेलो होतो. वहिनी मला त्या खोलीत सोडून आत निघून गेल्या. माझे लाल बस्ते अप्पांनी कधीच सोडून टाकले होते. भिंतीला एक दोरी बांधलेली आहे, कपडे वाळवतात तशी, आणि तिच्यावर एक ते तेवीसपर्यंत याद्या क्रमाने अडकवलेल्या आहेत. जी चिप गावावरून परत आली, तिच्या यादीवर ती चिपच टाचलेली. जी अजून बाहेर कुठेतरी चालू आहे, तिच्या यादीवर टाचणी रिकामी. आठ नंबरची टाचणी रिकामी आहे, म्हणजे ती आज त्या गावात चालू आहे. सातच्या कागदावर सात नंबरची चिप आहे. मी तो कागद उलटून पाहिला. माझा एसटी थांब्याचा मसुदा पेन्सिलीने हलकेच चौकटीत घेऊन खाली अप्पांनी लिहिले आहे, 'हेही मिळायला पाहिजे'. ही खोली आहे तशीच ठेवावी अशी मी वहिनींना गुजारिश केली आहे. त्या म्हणाल्या, "भावजी, कपडे आता बाहेरच वाळत घालते मी."

सबब, सदर संस्थेचे मा. अध्यक्ष, सचिव व सर्व सभासद यांना, आणि तो अर्ज ज्यांच्या ज्यांच्या टेबलावरून गेला असेल त्या सर्वांना, या लेखाद्वारे विनंती की : पंपचालक सटवाजी लिंबाजी भालेराव यांच्याविरुद्धची तक्रार चुकीच्या चिपच्या यादीवरून झालेली आहे, खरी यादी व खरी चिप वर्कशॉपमध्ये उपलब्ध असून कोणीही येऊन ताडून पाहावी. अर्जदार हयात नाही. त्याने खोडलेली ओळ पुन्हा वाचण्यात यावी आणि तीत माझे नाव पूर्ण वाचावे. "हेतुपुरस्सर निष्काळजीपणा" हे शब्द मी मागे घेत आहे. सटवाजी भालेराव यांच्यावरील दोष दप्तरातून काढून किल्ली त्यांच्याकडे परत देण्यात यावी, आणि काय ठरले ते लेखी कळवावे. उत्तर माझ्या नावे पाठवू नये. ते सटवाजी लिंबाजी भालेराव यांच्या नावे, त्यांच्या घरच्या पत्त्यावर पाठवावे. वाचून दाखवायला मी जाईन.